इंजिनाचा पिस्टन टोकाला थांबतो, त्यात ताकद वाया जाते का?

लालबाग_बुलेट: माझं ठाम मत, जाते. पिस्टन वर जाऊन थांबतो, उलटतो, खाली येऊन पुन्हा थांबतो; मिनिटाला हजारो वेळा. स्लो लोकल दर स्टेशनात थांबून परत वेग घेते म्हणून फास्टपेक्षा जास्त वीज खाते, तसंच हे. पिस्टनऐवजी गोल फिरणारा रोटर असलेलं वँकेल रोटरी इंजिनच बरोबर.

माटुंगा_मेकॅनिकल: अजिबात पटलं नाही. लोकलला ब्रेक लागतो. पिस्टनला अडवतो तो क्रँक, म्हणजे रॉडने पिस्टनला जोडलेला फिरता दांडा! पिस्टन मंदावताना त्याची गतिज ऊर्जा कनेक्टिंग रॉडमधून क्रँकला आणि फ्लायव्हीलला (त्यावरच्या जड चाकाला) मिळते, पुढच्या निम्म्या स्ट्रोकमध्ये (स्ट्रोक म्हणजे पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव) तीच परत येते. झोपाळा टोकाला थांबतो म्हणून त्याचा झोका संपतो का? आणि आपल्या नव्या लोकलसुद्धा ब्रेक लावताना वीज तारेत परत सोडतात.

लालबाग_बुलेट: सगळं परत मिळतं, तर पनवेलपर्यंत गेलं की माझ्या हातांना मुंग्या का येतात?

माटुंगा_मेकॅनिकल: कारण ऊर्जा परत मिळाली तरी बल लागतंच. जुन्या साडेतीनशे सीसी बुलेटचा स्ट्रोक 90 मिमी, म्हणजे क्रँकची त्रिज्या 45. रॉडची लांबी त्रिज्येच्या चौपट धरा, 4000 आरपीएम (मिनिटाला फेरे) धरा. वरच्या टोकाला त्वरण गुरुत्वाच्या सुमारे 1000 पट येतं, खालच्या टोकाला 600 पट. पिस्टन 300 ग्रॅमचा धरला तरी वर 300 किलोचा ओढा! वर-खाली फरक पडतो तो रॉड तिरका होत असल्यामुळे. क्रँक 90 अंशांवर यायच्या आधीच पिस्टन निम्म्याच्या खाली गेलेला असतो. एकाच सिलिंडरच्या इंजिनात हा ओढा परतवायला दुसरा पिस्टन नाही. क्रँकवरचं वजन थोडाच भाग सावरतं, उरलेला फ्रेममधून तुमच्या हातात येतो.

कुर्ला_गॅरेज: साहेब, हिशेब मान्य, पण "वाया जात नाही" एवढ्यावर सोडू नका. तो ओढा बेअरिंग सोसतं, आणि बेअरिंगवर भार वाढला की घर्षण वाढतंच. बोअर (सिलिंडरचं भोक) मोजायला घेतो तेव्हा झीज गोल नसते. गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या खिळीच्या) रेषेत कमी, तिच्या आडव्या बाजूंना जास्त, कारण तिरका रॉड पिस्टनला तिकडेच भिंतीवर दाबतो. एग्झॉस्टच्या (जळका गॅस बाहेर टाकणाऱ्या स्ट्रोकच्या) शेवटी तर वरून गॅसचा दाबही नसतो, पिस्टन रॉडला नुसता वर खेचतो. पोरं न्यूट्रलमध्ये रेस पिळतात ना, तेव्हा मला त्या रॉडचीच काळजी वाटते.

लालबाग_बुलेट: लोकलचं उदाहरण मागे घेतो. रोटरीचं नाही.

माटुंगा_मेकॅनिकल: रोटरी कमी थरथरते, हे खरंच. पण तिचा ज्वलनकक्ष लांबट आणि चपटा, उष्णता भिंतीत जास्त जाते. पिस्टन उलटत नसूनही ती पेट्रोल जास्त पिते, ते म्हणूनच.