माशांचं मॉडेल: आवाज सुरू झाल्यावर मासा पळतो असं धरायचं की नाही?

निळीखोली
नमस्कार मंडळी, मी पायथनमध्ये एजंट-बेस्ड मॉडेल लिहितेय, म्हणजे प्रत्येक मासा वेगळा धरून त्याला हालचालीचे नियम द्यायचे. समुद्रात पवनचक्कीचे खांब ठोकतात तेव्हाच्या आवाजानं मासे कुठे सरकतात आणि त्यांच्या कानावर किती परिणाम होतो, ते बघायचंय. आवाज नसताना मासा कोरिलेटेड रँडम वॉक करतो, म्हणजे मागची दिशा थोडी धरून पुढे जातो, आणि आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की उलट फिरून १.५ मीटर प्रति सेकंदानं सुटतो. आवाज १५ लॉग आर नं (आर म्हणजे खांबापासूनचं अंतर) कमी होतो असं धरलंय. आता प्रॉब्लेम असा की पळायचा वेग जरा बदलला की बाधित माशांचा आकडा कुठच्या कुठे जातो. गाइड म्हणतात १.५ बऱ्याच रिपोर्टांत असतो, तोच ठेव. मला ते पटत नाहीये, तुम्ही काय करता?

दर्यागणित
पटत नाहीये ते बरोबरच आहे, हातानं हिशेब करून बघ. जर्मनीत खांबापासून ७५० मीटरवर एका ठोक्याचा साउंड एक्स्पोजर लेव्हल, म्हणजे त्या ठोक्यातली एकूण ध्वनिऊर्जा, १६० डेसिबलच्या आत ठेवावा लागतो (ही मर्यादा मुख्यतः पॉरपॉइझसाठी, म्हणजे डॉल्फिनसारख्या छोट्या सस्तन प्राण्यासाठी आहे, पण हिशेबाला बरी). तासाभरात १००० ठोके धर. मासा तिथेच थांबला तर १००० ठोक्यांचे ३० डेसिबल वाढून एकूण १९०. तोच मासा १.५ नं सरळ लांब गेला तर तासात ५.४ किमी जातो आणि तुझ्याच १५ लॉग आर नं एकूण जेमतेम १८३ भरतात. माशांवरच्या आवाजाच्या परिणामांसाठीच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तात्पुरत्या बहिरेपणाची पातळी १८६ आहे. म्हणजे थांबला तर बाधित, पळाला तर सुखरूप, आणि यातलं काहीच समुद्रानं ठरवलेलं नाही, तुझ्या कोडमधल्या एका ओळीनं ठरवलंय.

आता १० सेंटीमीटरचा स्प्रॅट (हेरिंगच्या कुळातला छोटा मासा) घे. १.५ मीटर म्हणजे सेकंदाला १५ शरीरलांब्या. क्षणभर झेप घेताना जमेल, तासभर कुठला छोटा मासा असा पोहणार? सेकंदाला ३ लांब्या, म्हणजे ०.३ मीटर धरलं तर एकूण १८७ येतात, परत रेषेच्या वर. म्हणून वेग शरीराच्या लांबीवरून काढ, आणि थांबलेल्या माशाचा रन तर द्यायलाच हवा.

कानखडा
वेगाचं ठीक आहे पण त्याच्या आधीचा प्रश्न कोणी विचारत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, मासा ऐकतो काय? बहुतेक मासे पाण्याचा दाब ऐकत नाहीत, पाण्याच्या कणांची हालचाल ऐकतात, कानातले खडे जड असल्यामुळे बाकी शरीराच्या मागे पडतात आणि ते त्याला जाणवतं. दाब कळतो तो हवेची पिशवी, म्हणजे स्विम ब्लॅडर, कानाशी जोडलेली असेल तर, जसं हेरिंगला. अटलांटिक मॅकरेलला ती पिशवीच नाही. तू दोघांना एकच दाबाचा नकाशा दिला असशील तर निदान प्रजातींचे गट तरी वेगळे कर. तळाला राहणाऱ्या चपट्या माशांचं अजून वेगळं, खांबाचे हादरे जमिनीतूनही जातात. आणि प्रतिसादाची पातळी टाकीतल्या प्रयोगातून उचलू नकोस, छोट्या टाकीत भिंती आणि पृष्ठभागामुळे आवाजाचं क्षेत्र पार बदलून जातं.

थवा_आणि_थर
आयर्लंडच्या लॉख हाइनमध्ये मोकळ्या पाण्यातल्या माशांना खांब ठोकण्यासारखा आवाज ऐकवून सोनारनं बघितलं होतं. स्प्रॅटचे थवे बहुतेक वेळा विखुरले, मॅकरेलनं जास्त करून खोली बदलली. दोघांनीही साधारण १६३ डेसिबलला, पीक-टू-पीक (म्हणजे दाबाच्या सर्वांत वरच्या आणि खालच्या टोकांमधला फरक, वरच्या एक्स्पोजर लेव्हलपेक्षा वेगळं माप), निम्म्या वेळा प्रतिसाद दिला. आता तुझं मॉडेल वरून बघितलेलं सपाट असेल तर मॅकरेलनं जे केलं ते त्यात करताच येणार नाही. खोलीचा अक्ष घाल. थव्यासाठी रेनॉल्ड्सच्या १९८७ च्या बॉइड्स या थव्याच्या संगणकीय मॉडेलचे तीन नियम पुरे, जवळ आला तर दूर हो, शेजाऱ्याच्या दिशेनं वळ, घोळक्याकडे सरक, आणि आवाज वाढला की शेवटचे दोन सैल कर. प्रत्येक ठोक्याला प्रत्येक मासा वळतो असंही ठेवू नकोस, प्रोबॅबिलिटी दे, सवय होऊन प्रतिसाद कमी होतो तेही त्यातच बसवता येईल.

निळीखोली
खूप खूप आभार सगळ्यांचे. सपाटच आहे मॉडेल, खोली घालतेय. थांबलेला, ०.३ आणि १.५ असे तिन्ही रन शेजारीशेजारी देते. गाइडना कुठला तरी एकच आकडा हवा असला तर?

दर्यागणित
तर थांबलेल्या माशाचा दे, आणि टेबलात त्याच ओळीत पळणाऱ्याचाही. परिशिष्टात ढकललास तर कोणी उघडून बघणार नाही. आणि आवाज बंद ठेवूनही तेवढाच वेळ रन कर, नुसत्या रँडम वॉकनं किती मासे भागाबाहेर जातात ते आधी वजा करायला लागेल, नाहीतर तेही आवाजाच्या खात्यात जमा होतील.