फोटोवर 'बेतलेली' की फोटोवरून 'सुचलेली'?

आमच्या दिवाळी अंकात यंदा फोटो छापून त्यावर शंभर शब्दांच्या आत गोष्ट मागवायचीय, आवाहनाचा मजकूर माझ्याकडे आलाय आणि मी एका शब्दावर अडलेय. 'छायाचित्रावर बेतलेली', 'छायाचित्रापासून प्रेरित' की साधं 'फोटोवरून सुचलेली'? बाकीचे म्हणतात सगळं एकच, मला तसं वाटत नाही. आणि लघुकथा म्हणू की अलक?

---

ताई, आधी अलकचं. मराठीत लघुकथा म्हटलं की दहा-बारा पानांची गोष्ट डोळ्यासमोर येते. हिंदीत लघुकथा म्हणजे पानभरच, आपल्या लघुकथेला ते कहानी म्हणतात, म्हणून घोळ होतो. अति लघु कथा म्हणजे अलक, तेच लिहा. संस्कृतात अलक म्हणजे कुरळ्या केसांची बट, आणि शतशब्दकथेचं शशक झालं तर शशक म्हणजे ससा, मला हे दोन्ही शब्द फार आवडतात. पण शशकला शब्द मोजून शंभर लागतात, तुमचं 'शंभरच्या आत' आहे.

आता बेतणं. शिंपी कापड बेततो म्हणजे माप घेऊन तेवढंच कापतो. बेतलेली म्हटलंत की लोक मापातच लिहिणार, फोटोत बाक तर गोष्टीत बाक. गेल्या वर्षी एका अंकासाठी आलेल्या अलक मी वाचत होते, फोटो एसटी स्टँडवरच्या रिकाम्या बाकाचा, बाकावर स्टीलचा डबा. बऱ्याच जणांनी 'कोणीतरी डबा विसरून गेलं होतं' अशीच सुरुवात केलेली, म्हणजे शाळेतलं चित्रवर्णन. एकीत मात्र ना स्टँड ना बाक. एक बाई डबा घेऊन भांड्यांच्या दुकानात जाते, नवऱ्याचं नाव घालायला सांगते, नाव घालणारा मशीन हातात धरून विचारतो, "आधी कै. घालू का?" आणि ती डबा परत पिशवीत ठेवते. संपली. मी परत फोटो पाहिला तर त्या डब्याकडे बघवेना.

व्याकरणातही बघा, 'मी बेतते' पण 'मला सुचतं'. बेतताना सगळं आपल्या हातात असतं, सुचणं आपल्याकडे येतं. मागवायची तर सुचलेलीच मागवा.

---

सुचलेलीला माझंही मत. 'प्रेरित' नकोच, पेपरात 'राजकीय हेतूने प्रेरित' वाचून वाचून त्या शब्दाला आता वासच येतो, आणि 'पासून प्रेरित' हे 'से प्रेरित'चं भाषांतर वाटतं. छायाचित्र चालेल, पण फोटोग्राफ या शब्दाच्या मुळाशी ग्रीकमधला प्रकाश आहे, छाया नाही, म्हणून काही जण आग्रहाने प्रकाशचित्र लिहितात. मला विचाराल तर सरळ फोटो लिहा, आपण फोटोच काढतो, छायाचित्र कोण काढतं घरात.

---

दोघांचे मनापासून आभार, डब्याची अलक वाचून बराच वेळ काही टाइपच करता आलं नाही. मजकूर असा करतेय: "सोबतच्या फोटोवरून तुम्हाला सुचलेली अलक पाठवा. शंभर शब्दांच्या आत. फोटोत जे दिसतंय ते गोष्टीत आलंच पाहिजे असं नाही." आधी 'फोटो पाहून' लिहिलं होतं पण 'वरून' बरं वाटतं, वरून निघालेलं माणूस लांब जाऊ शकतं.

आता एकच राहिलं, अलक स्त्रीलिंगी धरलीय तर अनेकवचन काय करायचं, 'अलक आल्या' की 'अलका आल्या'?