पाहुण्यांना मुंबई दाखवताना ओहोटीची वेळ का बघत नाही?

किनाराकर (धागाकर्ता)

नाताळच्या सुट्टीत बाहेरगावचे नातेवाईक येतात आणि बहुतेक घरांत एकच बेत ठरतो: गेटवे, ताजसमोर फोटो, मरीन ड्राइव्ह, जुहूला भेळ आणि परतीची गाडी. दिवसभर समुद्राच्या कडेकडेने फिरूनही पाहुण्यांच्या वाट्याला येतो तो फोटोच्या मागे दिसणारा समुद्र. मला हे मनापासून खटकतं.

माझं म्हणणं असं की पाहुण्यांच्या दिवसाची आखणी भरती-ओहोटीवरून करावी. हिशेब अवघड नाही, किनाऱ्यावरच्या जुन्या घरांत तो तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचारच्या सुमाराला भरती, त्यामुळे दहाच्या आसपास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला, पण ती भांगाची, पाणी फार मागे जात नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. भरती बाराच्या आसपास, ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला, आणि पाणी खूप लांब हटतं. त्यानंतरचे दोन-तीन दिवस तर उत्तम, कारण सात-आठला ओहोटी मिळते आणि लख्ख उजेड असतो.

अशा सकाळी कार्टर रोडच्या किंवा हाजी अलीच्या खडकांवर जाऊन बघा. डबक्यांत समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी, उघडलेली असतात, शंखात राहणारे खेकडे चालताना दिसतात, नशीब असेल तर छोटा ऑक्टोपस. या शहराच्या किनाऱ्याला प्रवाळंसुद्धा आहेत. कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या किनाऱ्यावरची काही प्रवाळं उचलून दुसरीकडे लावली गेली, तेव्हा कित्येक मुंबईकरांना ती आहेत हे पहिल्यांदा कळलं. हाजी अलीच्या दर्ग्याची वाटच घ्या. भरतीला ती पाण्याखाली जाते, ओहोटीला उघडी पडते. पाहुण्यांना आधी बुडालेली वाट दाखवा आणि काही तासांनी तीच वाट चालायला लावा, समुद्र म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागणार नाही.

पुढे वांद्र्याचा १६४० चा पोर्तुगीज किल्ला, वरळीचा किल्ला, वाटेत कोळीवाडा. पहाटे उठणारे असतील तर १८७५ पासून चालू असलेला ससून डॉक. आणि फ्लेमिंगो! ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जाही मिळाला. ऐरोलीहून बोट सुटते तीही भरती बघूनच. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलात लांबवर पांगतात.

इतकं सगळं असताना आपण गेटवेला का अडकतो? तुम्हाला काय वाटतं?

गिरगावकर

साफ असहमत. तुम्ही मुंबईत राहता, तुम्हाला गेटवेचा कंटाळा येऊ शकतो. हिंगोली-बुलढाण्याहून आलेल्या माणसाला का यावा? आमच्याकडे आलेल्या एका मावशींनी साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा समुद्र बघितला. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर त्या दोन तास बसल्या, जेवायलाही उठेनात. त्यांना मी खडकावर नेऊन खेकडे दाखवायचे होते का?

प्रसिद्ध जागा उगीच प्रसिद्ध होत नाहीत. घारापुरी १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. लाँचचा तासाभराचा प्रवास, वर साधारण १२० पायऱ्या, आणि आत अंधारातून हळूहळू दिसू लागणारा तीन मुखांचा सदाशिव. यापुढे डबक्यातला ऑक्टोपस मला तरी किरकोळ वाटतो. दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाला आधी हे मिळायला हवं. शिवाय किनाऱ्यावर स्वच्छतागृह कुठे आहे, बसायला सावली कुठे आहे, गुडघे दुखणाऱ्या माणसाने शेवाळावरून कसं चालायचं, याबद्दल धाग्यात एक अक्षर नाही.

वेसाव्याची लेक

मी वेसाव्याची, म्हणजे वर्सोव्याची. माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे आणि तो जरा लांब लिहिते.

"वाटेत कोळीवाडा" असं तुम्ही लिहिलंत. कोळीवाडा वाटेत लागणारी गोष्ट नाही, तिथे आम्ही राहतो. आमच्याकडे बांबूंवर बोंबील वाळत घातलेले असतात, बायका जवळा निवडत बसलेल्या असतात, आणि न विचारता कोणीतरी तोंडासमोर मोबाइल धरतो. काही जण नाकाला रुमाल लावून फोटो काढतात. माझी आई हे सगळं बघते आणि गप्प राहते, मला राहवत नाही. ससून डॉकचंही तेच. पहाटे तिथे लिलाव चालतो, डोक्यावर पाट्या घेऊन बायका निसरड्या फरशीवरून धावतात, त्या वेळी मध्ये उभा राहिलेला पाहुणा म्हणजे अडथळा. मासळी घ्यायला या, भाव करा, दोन शब्द बोला, आम्ही आनंदाने बोलू. तमाशा बघायला येऊ नका.

खडकांचं म्हणाल तर ओहोटीला तिथे बायका कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढतात. त्या कालवांवर त्यांचं घर चालतं. सुट्टीच्या दिवशी तिथे शे-दोनशे माणसं बूट घालून उतरली तर काय उरेल? दगड उलटा करून तसाच टाकला की त्याच्याखालचं सगळं उन्हाने मरतं. पोरं पिशवीत शंख भरून नेतात, त्यातले निम्मे जिवंत असतात. ज्या जागा अजून टिकल्या आहेत त्या लोकांना माहीत नाहीत म्हणून टिकल्या आहेत, असं मला वाटतं. तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही, पण असे धागे वाचून गर्दी येते.

आणि किनारा दाखवायचाच असेल तर पूर्ण दाखवा. वरळीच्या मच्छिमारांनी कोस्टल रोडच्या खांबांमधून होड्या सुखरूप जाव्यात म्हणून किती आंदोलनं केली. ६० मीटरचं अंतर होतं, भांडून १२० मीटर करून घेतलं. वरळीच्या किल्ल्यावरून पाहुण्याला सी लिंक दाखवता ना, मग तिथे उभं राहून हेही सांगा.

डोंगरभाऊ

सगळे समुद्रालाच का चिकटलात? कोकणपट्टीचा इतिहास वाचायचा तर बोरिवलीला कान्हेरीला जा. शंभराहून जास्त लेणी, जवळपास हजार वर्षांची वस्ती. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतल्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख तिथल्या भिंतींवर कोरलेले आहेत. समुद्रावर कमावलेला पैसा डोंगरात कसा आला, ते दगडावर लिहिलेलं आहे. लेण्यालेण्याबाहेर पाण्याची टाकी आहेत, कातळावरून पन्हळी कोरून पावसाचं पाणी त्यांत उतरवलेलं आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, किनारा खवळलेला असतो, घारापुरीच्या लाँचचा भरवसा नसतो. त्या दिवसांत पाहुणे आले तर कान्हेरीसारखी दुसरी जागा नाही. ऑक्टोपसही नको आणि गेटवेही नको.

किनाराकर

गिरगावकर, मावशींना कठड्यावरून उठवा असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या दोन तास बसल्या त्यात पाणी वर चढताना त्यांनी बघितलंच असेल. ओहोटीच्या वेळी नेलं असतं तर समोर नुसते सिमेंटचे ठोकळे दिसले असते. मरीन ड्राइव्ह भरतीलाच दाखवावा. माझा मुद्दा तोच आहे, जागा तुमच्या, वेळ समुद्राची.

वेसाव्याच्या ताई, न विचारता फोटो काढणं चूकच, त्यावर वाद नाही. पण लोकांना माहीत नाही म्हणून किनारा टिकला, हे मला पटत नाही. प्रवाळं हलवली गेली तेव्हा आवाज उठवला तो ओहोटीला किनारा बघितलेल्या लोकांनी. ज्याने काही बघितलंच नाही तो कशासाठी भांडणार? आज भरावाखाली किनारा जातोय तो लोकांना तिथे नुसता चिखल आणि काळे दगड दिसतात म्हणूनही जातोय. माणसं कमी न्या, जाणकाराबरोबर न्या, "मरीन लाइफ ऑफ मुंबई"सारखे गट अशा फेऱ्या काढतात. पण न्यायचंच नाही, हे मी मान्य करणार नाही.

डोंगरभाऊ, पावसाळ्यापुरतं तुमचं शंभर टक्के खरं.

वेसाव्याची लेक

लहान गट, सोबत जाणकार, इथवर ठीक. तरी कालवं काढणाऱ्या बायकांच्या जागा सोडूनच. आणि "जाणकार" म्हणताना कोळीवाड्यातलाच माणूस घ्या, त्याला पैसे द्या. समुद्र आमच्याकडून शिकायचा आणि फेरीची फी दुसऱ्याने घ्यायची, हे चालणार नाही.

गिरगावकर

या एका गोष्टीवर ताईंना माझा पूर्ण पाठिंबा. बाकी मी घारापुरीवर ठाम.

अकोल्याची सून

मध्येच विचारते. डिसेंबरच्या शेवटी सासूबाई आणि दोन पुतणे येणार आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पोरं दहा-बारा वर्षांची. तीन दिवस आहेत. नेमकं काय करू?

गिरगावकर

घारापुरी एक दिवस, सकाळची पहिली लाँच घ्या. लाइफ जॅकेट सगळ्यांना घालायला लावा. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर नौदलाची स्पीडबोट धडकून प्रवाशांचे जीव गेले, त्यामुळे कोणी "काही होत नाही" म्हणालं तरी ऐकू नका. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी चालते, पुढच्या पायऱ्यांना डोली मिळते, भाडं आधी ठरवा. आणि बेटाला ज्याच्यामुळे पोर्तुगिजांनी एलिफंटा म्हटलं तो दगडी हत्ती भायखळ्याला जिजामाता उद्यानात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. दुसऱ्या दिवशी पोरांना तो दाखवा, त्यांना फार आवडेल.

वेसाव्याची लेक

ताई, तिसऱ्या दिवशीची तिथी बघा. ओहोटी सकाळी सात ते दहाच्या मधली असेल तर पोरांना घेऊन खडकांवर जा, सासूबाईंना वर बाकावर बसवा. पोरांच्या पायात घट्ट चपला हव्यात, हातात पिशवी नको. उचललेला दगड होता तसा परत ठेवायचा, हे निघतानाच सांगा. पाणी वळलं की लगेच वर यायचं, आमच्याकडची मोठी माणसंसुद्धा थांबत नाहीत. ओहोटी दुपारची असेल तर खडकांचा नाद सोडा आणि कान्हेरीला जा. मात्र कान्हेरी आणि घारापुरी दोन्ही सोमवारी बंद असतात, त्यामुळे दिवस ठरवताना आधी वार बघा.