मदत हवी आहे: टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता) नोकरीआधीच करून ठेवावं का?

डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, हातात आहे. उड्डाणाचे 200 तास पूर्ण, मल्टी-इंजिन व इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना उपकरणांवर उडवण्याची पात्रता), आरटीआर (विमानातला रेडिओ वापरण्याचा परवाना), क्लास 1 मेडिकल, सगळं चालू. टाइप रेटिंग नाही. एका एअरलाइनच्या लेखी परीक्षेत पास झालो, पण संगणकावरच्या अ‍ॅप्टिट्यूड चाचणीत अडकलो: जॉयस्टिकने ठिपका मधोमध धरायचा आणि त्याच वेळी कानावर पडणारे आकडे टिपायचे. घरी सराव सुरू आहे. ‘पैसे भरा, सिलेक्शन पक्कं’ म्हणणारे एजंट भेटले, त्यांना लांबूनच नमस्कार. कर्जाचे हप्ते चालू असल्याने एअरबस ए320चं टाइप रेटिंग स्वखर्चाने केलं, तर इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या पुढच्या नूतनीकरणाला पैसे उरणार नाहीत. अलीकडे फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) म्हणून लागलेल्यांनी सांगावं: रेटिंग आधी केलं होतं की निवड झाल्यावर? आणि ए320 करून बसलो नि भरती बोइंग 737ची निघाली, तर अर्ज धरतात का?