मदत हवी आहे: फवारणी रोबोटच्या नोंदी आणि आमच्या शेताची माहिती

नमस्कार मंडळी. मी लातूरकडचा, औसा तालुक्यातला सोयाबीन शेतकरी. आमच्या गटापुढं प्रस्ताव आलाय: भाड्याचा फवारणी रोबोट, त्याचं स्वतःचं वॉलेट (पैशाचं डिजिटल पाकीट), एकर झाला की पैसे आपोआप वळते, नोंद सार्वजनिक ब्लॉकचेनवर, म्हणजे कुणालाही वाचता येणाऱ्या, साखळीसारख्या जोडलेल्या डिजिटल नोंदवहीत.

प्रात्यक्षिकात स्क्रीनवर ४ एकर पूर्ण दिसलं. बांधाकडची पिकाची दोन तासं (ओळी) मी हात लावून पाहिली, पानं कोरडी. पैसे मात्र कटले होते. साखळीतली नोंद बदलत नाही हे खरं, पण सेन्सरनंच चुकीचं सांगितलं तर चूक कायमची कोरली जाते.

दुसरी काळजी मोठी. ब्लॉकचेनवर नाव नसतं, नुसता वॉलेटचा पत्ता, म्हणजे अक्षरं-आकड्यांची ओळ असते; पण फवारणीची तारीख आणि क्षेत्र कळलं की शेत कुणाचं हे गावातलं पोरगंही सांगेल. कीड कधी पडली हे आडत्याला आधीच कळलं तर? २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून मागायचा हक्क आहे. ब्लॉकचेनवरून पुसायचं कसं?

झिरो-नॉलेज प्रूफ नावाच्या गणिती पद्धतीनं शेत न दाखवता दावा सिद्ध करता येतो म्हणे. कुणी प्रत्यक्ष बसवलंय का? की शेताचा नकाशा गटाकडं आणि साखळीवर फक्त हॅश (माहितीचा गणिती ठसा), एवढं पुरेल? करारात कोणती अट घालू? सोमवारी बैठक आहे, दादांनो, ताईंनो, त्याआधी सांगा.