इन्चार्जपद केवळ सेवाज्येष्ठतेनं मिळावं का?

पाळीवाली
सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज होते, पुढं सहायक अधिसेविका, मग अधिसेविका (मेट्रन). बढतीत मुख्य विचार सेवाज्येष्ठतेचा. वॉर्ड ताब्यात येतो, पण माणसं कशी सांभाळायची हे कुणी शिकवत नाही. चांगली इन्चार्ज आम्हा स्टाफला लगेच ओळखू येते. राउंडला डॉक्टर नर्सवर ओरडले की "सर, आधी माझ्याशी बोला" म्हणते, आणि चूक आमची असेल तर नंतर बाजूला घेऊन झापते. काही जणी मात्र तिथंच डॉक्टरांच्या सुरात सूर मिसळतात. अशा वॉर्डात चुकीचं इंजेक्शन गेलं तर नर्स घाबरून लपवते. यात पेशंटचा जीव जाऊ शकतो! म्हणून बढतीआधी निवड आणि प्रशिक्षण हवंच.

निवृत्त परिसेविका
निवड करणार कोण, बाळा? वरिष्ठांची मर्जी सांभाळणारीचीच वर्णी लागेल. सेवाज्येष्ठतेच्या यादीमुळं वशिल्याला थोडा तरी आळा बसतो. आणि इन्चार्जची निम्मी पाळी इंडेंट (सामानाची मागणी), लिनन म्हणजे चादरी-कपड्यांचा हिशेब, डेड स्टॉक म्हणजे टिकाऊ वस्तूंचं रजिस्टर, ड्युटी लिस्ट यांतच जाते. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष जनरल वॉर्डासाठी अध्यापन रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ नर्स, इतरत्र ५ मागे १ असा आहे. आमच्याकडं नाइटला पन्नास पेशंटना दोघी असायच्या. आधी माणसं द्या.

आयसीयूतली
खासगीत मुलाखत घेऊन निवडतात, तरी मॅनेजरच्या मर्जीतलीच येते. तेवढं ताईंचं पटलं. "आधी माणसं द्या" हे मात्र पटत नाही. माणसं कमी असतात तेव्हाच तर इन्चार्जचा कस लागतो. नव्या मुलीला व्हेंटिलेटरच्या पेशंटपाशी एकटं सोडायचं की जुनीच्या जोडीला द्यायचं, हे तिच्याच हातात असतं.

परळकर
पदाशिवायही नेतृत्व होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ च्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या तिथल्याच नर्स अरुणा शानबाग यांना २०१५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत तिथल्या परिचारिकांनीच सांभाळलं. ऐंशीच्या दशकात महापालिकेनं त्यांना हलवायचं ठरवलं, तेव्हा परिचारिकांनी आंदोलन करून तो बेत मोडून काढला. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही या सेवेची प्रशंसा केली.

निवृत्त परिसेविका
त्या सगळ्यांबद्दल मला फार आदर आहे. पण हेच उदाहरण देऊन आम्हाला सेवाभाव शिकवतात आणि रिक्त पदं तशीच राहतात. त्या जिंकल्या त्या एकजुटीमुळं. नाइटला एकट्या नर्सनं डॉक्टरांना "हा डोस जास्त वाटतोय" म्हणायचं, तर तिच्यामागं अधिकार असलेलं कुणीतरी उभं राहायला हवं.

पाळीवाली
ताई, मीही तेच म्हणतेय. यादी राहू दे. पण चार्ज घेण्याआधी महिनाभर अनुभवी इन्चार्जच्या हाताखाली काम करू दे, आणि रजिस्टरं भरायला कारकून द्या. स्टाफला रडवणाऱ्या इन्चार्जला हटवायची सोय मात्र तुमच्या यादीत नाही. तिचं काय करायचं?

निवृत्त परिसेविका
अधिसेविकेकडं लेखी तक्रार करायची. एकटीनं नाही, सगळ्या वॉर्डाच्या सह्या घेऊन. कारकुनाचं म्हणशील तर माझी पहिली सही घे.