वय तपासायला जन्मतारखेचा हॅश ब्लॉकचेनवर टाकला तर चालेल का?

निशाचर: युजर १८ च्या वरचा आहे एवढंच ॲपला कळायला हवंय, बाकी काही नको. टीममधला एकजण म्हणतो जन्मतारीख हॅश करून (गणिताने तिचा सांकेतिक ठसा काढून) चेनवर, म्हणजे बऱ्याच संगणकांवरच्या पुसता न येणाऱ्या नोंदवहीत टाकू, हॅशवरून मूळ तारीख काढता येत नाही म्हणजे प्रायव्हसीचं काम झालं. मला खटकतंय पण नेमकं काय ते सांगता येईना.

जुनी_खोड: खटकायलाच हवं! मूळ तारीख काढायची गरजच काय, शंभर वर्षांच्या तारखा होतात साडेछत्तीस हजारच्या आसपास, सगळ्यांचे हॅश काढून जुळवून बघायचे, साध्या लॅपटॉपवर चुटकीसरशी होतं. सॉल्ट, म्हणजे हॅशआधी तारखेत मिसळायचा गुप्त मजकूर, घातलं तर जरा बरं, पण ते कधी लीक झालं की पुन्हा तेच, आणि हॅश तर तिथे कायमचा बसलेला. युरोपातले युजर असतील तर जीडीपीआर या तिथल्या डेटा-संरक्षण कायद्याचं कलम १७ आहे, माहिती पुसायला सांगायचा हक्क, चेनवरून पुसणार कसं? माणसाची माहिती चेनवर नकोच, कुठल्याच रूपात.

निशाचर: बरं, मग चेनवर ठेवायचं तरी काय 😅

जुनी_खोड: वयाचा डिजिटल दाखला देणाऱ्याची पब्लिक की (त्याची सही तपासायची उघड किल्ली), फार तर रद्द केलेल्या दाखल्यांची यादी. दाखला स्वतः युजरच्या फोनमधल्या वॉलेट ॲपमध्ये. वेबची स्टँडर्ड्स ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं व्हेरिफायेबल क्रेडेन्शियल्स हे अशा दाखल्यांचं स्टँडर्ड बघा, त्यांचं डीआयडीचं (आपल्याच ताब्यातल्या डिजिटल ओळख-क्रमांकाचं) स्टँडर्डसुद्धा २०२२ पासून आहे. दाखल्यावर बीबीएस प्रकारची डिजिटल सही असेल तर 'वय १८ पूर्ण' एवढाच रकाना दाखवायचा, नाव पत्ता झाकलेलं, तरी सही तपासता येते. आणि दर वेळी नवा पुरावा तयार होतो, त्यामुळे दोन साइट्सनी आपसात डेटा जुळवला तरी पुराव्यावरून माणूस एकच आहे हे कळत नाही.

पण_का: हे सगळं करून डीआयडी मात्र सगळीकडे एकच वापरला तर मुसळ केरात. प्रत्येक साइटला वेगळा द्या. दुसरं म्हणजे दाखला देणाऱ्यानेच खोटं वय लिहिलं तर? चेन एवढंच सांगणार की सही त्याचीच आहे. ब्लॉकचेन म्हटलं की विश्वास आपोआप येतो असं लोकांना का वाटतं देव जाणे.

निशाचर: आमच्याकडे दाखला देणारी संस्था एकच आहे, चेनचा हट्ट मॅनेजरचा.

पण_का: मग चेन कशाला हवी राव, त्या संस्थेने पब्लिक की आपल्या वेबसाइटवर ठेवली तरी भागतं, डीआयडीचा डीआयडी-वेब हा प्रकार त्यासाठीच आहे. एकमेकांवर भरवसा नसलेल्या बऱ्याच संस्था दाखले देणार असतील आणि यादी कोणा एकाच्या हातात नको असेल, तेव्हा चेनचा विचार करा. आणि फोन हरवला तर युजरला दाखला परत कसा मिळणार हे मॅनेजरला आधी विचारा, वॉलेटची बोंब तिथेच होते.